राखीव दिवस

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी एका मेलेल्या माणसाला कामाची आठवण करून देणारी मेल गेली आणि त्या मेलची प्रत तिच्याकडे आली. ‘आपले एक काम मुदत उलटूनही अपूर्ण आहे. कृपया लक्ष घालावे.’ खाली कामाचं नाव, वाहतुकीचे दिवस, सर्व सुटे भाग. आणि त्याच्यापुढे लाल अक्षरांत तिच्या अभ्यासगटातल्या काकांचं नाव. ती रुग्णालयाच्या खरेदी विभागात आपल्या टेबलाशी बसली होती. समोर रबरी हातमोज्यांचे तीन पुरवठादारांकडून आलेले नमुने पडले होते आणि त्यातला एक तिने नुकताच डाव्या हातात चढवून पाहिला होता. मोजा न काढताच तिने मेल दुसऱ्यांदा वाचली. बोटं आत घामेजली होती, पावडर ओली होऊन कातडीला चिकटत होती. काका गेले हे तिला काल दुपारपासून माहीत होतं. ते ऐकताना जे व्हायला हवं होतं ते तिला झालं नव्हतं. ती ‘अरे देवा’ म्हणाली होती, खुर्चीत बसली होती, घोटभर पाणी प्यायली होती, आणि ते सगळं कुठल्याशा कप्प्यात सारून साडेपाचपर्यंत काम करत राहिली होती. संध्याकाळी वर्गातले इतर सगळे अंत्यविधीला गेले तेव्हाही ती गेली नव्हती. निघता येत नाही असं तिने कळवलं होतं, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. आता या दीड ओळीने तो कप्पा उघडला. तिला एकदम काकांचे हात आठवले. जाड, बोटांच्या पेरांवर खोक्यांच्या कडांनी कापल्याच्या बारीक रेघा असलेले. त्या हातांनी ते लॅपटॉपची बटणं एकेक करून दाबायचे, दारावरची घंटा वाजवावी तशी.

त्या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला काका ‘कारकून’ म्हणायचे. “कारकुनाची हाक आली बरं का,” असं वर्गात येताना म्हणायचे आणि पिशवीतून वही काढायचे. कारकुनाला कामाला तिनेच लावलं होतं. प्रोजेक्ट सुरू झाला त्या दिवशी तिने चौघांची नावं भरली होती, प्रत्येकापुढे कामं आणि तारखा टाकल्या होत्या, आणि शेवटी एका चौकोनात खूण केली होती : उशीर झाल्यास संबंधितास रोज सकाळी स्मरणपत्र, प्रत गटप्रमुखास. काम पूर्ण होईपर्यंत. आता हे थांबवायचे दोनच मार्ग होते. काम पूर्ण झालं अशी खूण करायची, नाहीतर माणूस काढायचा. तिने उघड्या हाताने ‘माणूस काढा’वर बाण नेला. ‘आपली खात्री आहे का?’ असं सॉफ्टवेअरने विचारलं. तिने खिडकी बंद केली आणि मोजा ओढून काढला. तो बोटांपाशी उलटा होऊन निघाला, आणि टेबलावर बराच वेळ हळूहळू आक्रसत राहिला.

विद्यापीठातला हा अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठीचा होता. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ, शनिवार सकाळ. या सहामाहीत दोन विषय होते, प्रकल्प व्यवस्थापन आणि जागतिक पुरवठा साखळीची रणनीती. दोन्ही एकच सर शिकवायचे, आणि दोन्हींचा मिळून एक प्रोजेक्ट होता. त्यांच्या गटाने व्हीलचेअर घेतली होती. एका साध्या, हाताने ढकलायच्या खुर्चीचे चौऱ्याण्णव सुटे भाग, ते अकरा देशांतून येतात. ते कुठून आणावेत, कशाने आणावेत, एखादं बंदर बंद पडलं तर काय करावं, याची योजना. चाक एका देशातलं, चाकाचं रबर दुसऱ्यातलं, आणि रबर चाकावर चढवायला दोन्ही निघतात तिसऱ्या देशात. “म्हणजे बसणारा जन्मात उंबऱ्याबाहेर पडला नाही तरी खुर्ची जग हिंडून आलेली असते,” काका म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. गटात चौघं होते. ती एकतीस वर्षांची, रुग्णालयात खरेदीच्या कामावर, म्हणून गटप्रमुख. रोज टाय लावून येणारा एक विमा कंपनीतला, त्याला सगळे टायवाला म्हणत. एक नुकतीच पदवी घेतलेली, चणीने लहान, तिला बारकी. आणि काका. काका चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि एका मोठ्या गोदामात माल पाठवणीवर देखरेख करायचे. वीस वर्षं तेच करत होते. वरच्या जागेसाठी पदवी लागते म्हणून आले होते. ते एकटेच असे होते की ज्यांनी कंटेनर आतून पाहिला होता. आत कसला वास येतो असं बारकीने विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून विचार केला होता आणि म्हणाले होते, “कुणीतरी नुकतंच निघून गेल्यासारखा.”

दिवस लपवून ठेवण्याबद्दल सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. सरांनी पंधरा वर्षं जहाज कंपनीत काढली होती आणि ते शिकवताना खडूऐवजी गाडीची किल्ली हातात फिरवत. “माणसाला वीस तारीख सांगितली की तो एकोणीसला सुरुवात करतो. म्हणून त्याला पंधरा सांगा. मधले पाच दिवस तुमचे. ते कुणाला दाखवू नका. दाखवलेला दिवस खर्च होतो.” काकांनी हात वर केला होता. “पण सर, त्या माणसाला खरंच अडचण आली तर?” “अडचण सगळ्यांनाच येते,” सर म्हणाले, आणि वर्ग हसला. काकाही हसले. तिने हे लिहून घेतलं नव्हतं. तिला ते लिहून घ्यायची गरज नव्हती. ही विद्या ती घरूनच घेऊन आली होती. बाबांना डॉक्टरांची वेळ साडेदहाची असेल तर ती नऊ सांगायची. आई गेल्यापासून बाबांचं आवरणं म्हणजे एक मोजा सापडला की दुसरा शोधायचा. धाकट्या भावाला परीक्षेचे अर्ज भरायची शेवटची तारीख ती नेहमी चार दिवस अलीकडची सांगायची, आणि तो शाळेत असल्यापासून कॉलेज संपेपर्यंत धापा टाकत का होईना, वेळेत पोचायचा. आई तिला लाडाने ‘आमची घाईबाई’ म्हणायची. पण आई आजारी पडली तेव्हा याच घाईने काम केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आठवडा तरी आहे. तिने दूरच्या शहरात असलेल्या भावाला फोनवर सांगितलं, दोन दिवस आहेत, आत्ता नीघ. तो अंगावरच्या कपड्यानिशी निघाला, आईच्या उशाशी बसला, तिला चमच्याने पाणी पाजलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. डॉक्टरांचा आठवडा तसाच राहिला. “तू होतीस म्हणून,” भाऊ अजून म्हणतो. त्या एका वाक्यावर ती कितीतरी वर्षं उभी होती. आपण लोकांना खोटी तारीख सांगतो ती त्यांच्या भल्यासाठी, याबद्दल तिला त्यानंतर कधी शंका आली नव्हती.

प्रोजेक्टच्या वेळापत्रकातही तिने तेच केलं होतं. दोन फाइली होत्या. एक सगळ्यांना दिसणारी, दुसरी तिची. काकांना त्यांचा तक्ता गुरुवारी द्यायचा होता. खरं तर तो पुढच्या मंगळवारपर्यंत कुणालाच लागणार नव्हता. मधे शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. आणि बुधवारी संध्याकाळी काकांचा निरोप आला होता. ती तेव्हा स्वयंपाकघरात दूध तापवत उभी होती. ‘लीडर, दोन दिवस मिळतील का? गोदामात वर्षाची मालमोजणी चालू आहे, रोज पहाटेची पाळी लागते. शनिवारी वर्गात नक्की देतो.’ ते तिला लीडर म्हणायचे, त्यात चेष्टा होती आणि नव्हतीही. तिने एका हाताने लिहिलं : ‘काका, गुरुवारच्या पुढे नाही जाता येणार. पुढचं सगळ्यांचं काम तुमच्यावर अडलंय.’ दूध कडेला चढायला लागलं होतं. तिने गॅस बंद केला तेवढ्यात उत्तर आलं. ‘बरं. बघतो.’ सगळं मिळून दूध वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं होतं. तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट एक काम मार्गी लागल्याचं समाधान वाटलं होतं, आणि तिने साय जमायच्या आत बाबांचा कप भरला होता.

गुरुवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास काकांची स्कूटर उड्डाणपुलाच्या उतारावर दुभाजकाला धडकली. रस्ता मोकळा होता. समोर कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. टायवाल्याने फोनवर सांगितलं तेव्हा तो पुन्हा पुन्हा हेच म्हणत होता, “अगं, रस्ता मोकळा होता.”

शनिवारी सकाळी वर्गात सर दोन मिनिटं उभे राहिले आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. काका खिडकीशेजारी बसायचे तिथे कुणीतरी नकळत आपली बॅग ठेवली होती. ती त्या दोन मिनिटांत हळूच उचलली गेली. तास संपल्यावर सरांनी त्यांच्या गटाला थांबवलं. किल्ली खिशात ठेवून ते म्हणाले, “तुमचं सादरीकरण येत्या शुक्रवारी आहे. असं काही झाल्यावर कुणी हट्ट धरणार नाही. चार दिवस वाढवून देतो. पुरतील?” बारकी रडून सुजलेल्या डोळ्यांनी मान हलवणार एवढ्यात गटप्रमुख म्हणून तिच्याच तोंडून गेलं, “नको सर. आहेत आमच्याकडे.”

“काय आहे?”

“दिवस. चार दिवस आहेत.”

 सरांच्या भुवया किंचित वर गेल्या, चांगलं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघताना जायच्या तशा. “ठीक आहे मग,” ते म्हणाले. बाहेरच्या जिन्यावर टायवाला तिच्या बरोबरीने दोन पायऱ्या उतरला. “मानलं तुला,” तो म्हणाला. “आम्हाला पत्ताच नाही. मी तर गुरुवारपासून घाबरून होतो.” तो मनापासून बोलत होता, तेच वाईट होतं. बारकी कठड्याला धरून वरच्या पायरीवर उभी होती. “काकांना माहीत होतं?” तिने विचारलं. “कुणालाच माहीत नव्हतं,” ती म्हणाली.  त्या दिवसापासून बारकीने तिच्याशी कामापलीकडे एक शब्द काढला नाही, आणि पाणी प्यायला उठली तरी लांबच्या बाजूने जायची.

काकांचा तक्ता मात्र हवाच होता. मंगळवारी त्याच्यावर टायवाल्याचं काम सुरू होणार होतं. तो तक्ता झाला होता की अर्धा होता, होता तरी कुठे, कुणाला ठाऊक नव्हतं. टायवाल्याने पत्ता दिला आणि “तूच जा, बाईमाणसाशी तूच नीट बोलशील” असं म्हणून हात झटकले. रविवारी दुपारी ती निघाली. बस एक थांबा आधीच सोडून ती मुद्दाम चालत गेली. उन्हात बंद दुकानांची शटरं तापून त्यांना गंजाचा वास सुटला होता. चालताना डोकं आपोआप कामाला लागलं, वर्गात शिकवल्यासारखं : ही साखळी, हिचा कुठला दुवा काढला तर शेवट बदलतो? मालमोजणी नसती तर. पहाटेची पाळी नसती तर. वरच्या जागेसाठी पदवी लागते असा नियम कुणी केला नसता तर. पूल नसता तर. ती एकेक दुवा काढून बघत होती आणि प्रत्येक वेळी तो सुटा होऊन हातात येत होता. शेवटचा एक तेवढा ती हात न लावता ओलांडत होती, रस्त्यातला उघडा खड्डा ओलांडावा तशी. दोन दिवस दिले असते तरी ते पहाटे निघालेच असते, पाळी तर होतीच. हे खरं होतं. ते झोपून निघाले असते, हेही खरं होतं. पण झोपलेला माणूससुद्धा पडतो, माणसं रोज पडतात. असं म्हणत ती तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिच्या पाठीवर घामाची धार होती आणि बेल दाबायच्या आधी तिने घड्याळात पाहिलं. सांगितलेल्या वेळेच्या आधी अकरा मिनिटं. ती जिन्यात अकरा मिनिटं उभी राहिली.

काकांची बायको म्हणून तिला काकू म्हणायचं असं ठरवून ती गेली होती, पण दार उघडणारी बाई तिच्याहून जेमतेम आठ-नऊ वर्षांनी मोठी होती आणि तोंडातून ‘वहिनी’ निघालं. “तुम्हीच का लीडर?” वहिनी म्हणाल्या. “या. हे तुम्हाला लीडरच म्हणायचे. मला वाटायचं कुणी मोठ्या बाई असतील.” घर दोन खोल्यांचं. येऊन गेलेल्यांसाठी मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. मुलगी आत्याकडे गेली होती. तिचं दप्तर दाराशी टेकून उभं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्याखाली चार घड्यांचं फडकं, शेजारी काकांची वही आणि एक पाण्याचा पेला, त्याच्या तळाशी पाणी होतं. तो पेला कुणी उचलला नव्हता हे तिच्या लक्षात आलं आणि तिने नजर दुसरीकडे वळवली. वहिनींना पासवर्ड माहीत होता. फाइल समोरच होती, उघडीच राहिलेली. चौऱ्याण्णव ओळी. शेवटपर्यंत भरलेल्या.

“चार वाजता झालं त्यांचं,” वहिनी म्हणाल्या. “मला उठवलं. म्हणाले, झालं गं, आता माझ्यावाचून कुणाचं अडणार नाही. खुशीत होते. मी म्हटलं, आता तरी पडा. पडले तासभर. सव्वापाचला गेले. घरातलं नेट चालत नव्हतं, म्हणाले गोदामात गेलो की पाठवतो, लीडर वाट बघत असेल.”

ती पेन ड्राइव्ह लावून फाइल उतरवत होती. उतरली. आता उठायचं होतं. दोन वाक्यं बोलून, काही लागलं तर सांगा म्हणून, निघायचं होतं. तेवढ्यात वहिनींनी खुर्ची ओढून घेतली. “एक विचारू? रागावू नका. हे काय होतं सगळं? दोन महिने हे घरात असून नसल्यासारखे होते. मी विचारलं की म्हणायचे, तुला कंटाळा येईल. मला एकदा कळू द्या तरी, कशात होते ते.”

तिने स्वतःचा लॅपटॉप काढला. दोन्ही फाइली शेजारी शेजारी होत्या, एकीचं नाव ‘सर्वांसाठी’, दुसरीचं ‘माझी’. तिने ‘माझी’ उघडली. का, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. बोट तिकडे गेलं, एवढंच. प्रत्येक माणसाची एक आडवी ओळ, आणि दिवसांचे चौकोन, रंगवलेले. ही मी, हा विम्यातला मुलगा, हे काका. इथे काम सुरू, इथे संपलं. एकाचं संपलं की बाण निघून दुसऱ्याचं सुरू. ती चाकांबद्दल, रबराबद्दल, अकरा देशांबद्दल बोलत राहिली. वहिनी मान पुढे काढून बघत होत्या. त्यांना समजत होतं. इतक्या लवकर समजेल अशी तिची अपेक्षा नव्हती. “अहो, मी रोज हेच करते,” वहिनी म्हणाल्या. “दातांच्या डॉक्टरांकडे वेळा मी देते. असेच चौकोन असतात, फक्त वहीत.” मग त्यांचं बोट काकांच्या ओळीवरून हळूहळू सरकत गेलं. मालाचे मार्ग. बंदरं. वाहतुकीचे दिवस. गुरुवारी निळा रंग संपत होता. बोट पुढे गेलं आणि थांबलं.

“हे पांढरे काय?”

“मोकळे दिवस आहेत.”

“सुट्टी?”

“नाही. राखीव. काही अडलंच तर म्हणून.”

“असं.” वहिनींनी मोजले. ओठ न हलवता, पण मोजताना बोट चारदा टेकलं. “आम्हीपण ठेवतो दोन. कुणी एकदम गाल धरून आलं तर त्याला द्यायला. कोणी नाही आलं तर डॉक्टर चहा पितात.” मग पडद्यावरून डोळे न काढता, “ह्यांनी मागितले होते का?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा टिकटिक आवाज चालला होता. तो थांबला. मग ती म्हणाली, “दोन मागितले होते.”

“त्यांना माहीत होतं, इथे चार आहेत म्हणून?”

“नाही. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.”

आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. वहिनी ओरडतील, लॅपटॉप ढकलून देतील, नीघ म्हणतील. तिला ते हवं होतं, तिच्या खांद्यांनी त्याची तयारीसुद्धा केली होती.  पण वहिनींचं बोट अजून पांढऱ्या चौकोनांवर होतं, जणू उचललं तर जागा हरवेल. “बरं झालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “माहीत नव्हतं ते बरं झालं. त्यांना वाटलं सगळ्यांचं आपल्यावर अडलंय. वीस वर्षांत कुणाचं त्यांच्यावर काही अडलं नव्हतं. आजारी पडले तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस.” त्यांनी बोट उचललं. पडद्यावर त्याचा ओलसर ठसा राहिला. “नाव ठेवाल ना त्यांचं? त्या कामावर?”

“ठेवणार. पहिलं.”

वहिनींनी दारापर्यंत सोबत केली. पायांत चपला घालताना तिचा तोल गेला तेव्हा त्यांनी तिला दंडाला धरून सावरलं, आणि तो हात लगेच काढून घेतला.

रात्रीच्या जेवणाआधी तिने फाइल उघडली. तिने काकांना सांगितलं होतं ते इतकंच, की प्रत्येक भागाला कुठून कुठे यायला किती दिवस लागतात ते लिहा. कंपन्या छापतात तेच आकडे खाली उतरवले असते तरी चाललं असतं. दोन तासांचं काम होतं. काकांनी शेजारी एक जास्तीचा रकाना घातला होता, ‘माल नुसता थांबलेला असतो ते दिवस’, आणि त्यापुढे आणखी एक, ‘का’. चौऱ्याण्णव ओळींपुढे चौऱ्याण्णव कारणं. शिक्का मारणारा साहेब सोमवारीच येतो. क्रेन एकच. ड्रायव्हरला चोवीस तास झाले, झोपू द्यावं लागतं. कागदात वजन चुकीचं, परत मोजावं लागतं. पुढचं जहाज भरल्याशिवाय सुटत नाही. कारण कळलं नाही, गोदामातल्या जुन्या नोंदींत प्रत्येक वेळी सहा दिवसच दिसतात. कुठेही एक दिवस लपवलेला नव्हता. आपल्या वीस वर्षांतून त्यांनी एकेक थांबलेला दिवस शोधून काढून त्याला नाव दिलं होतं, आणि त्यासाठीच त्यांना शनिवार हवा होता. ती चाळिसाव्या ओळीपर्यंत वाचू शकली. मग बाबांनी हाक मारली, जेवायला वाढू का गं. आणि ती तोंड धुवायला गेली तर बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाबांनी काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, साबण गेला डोळ्यांत.

शुक्रवारचं सादरीकरण चांगलं झालं. वर्गातला सगळ्यांत चांगला गट त्यांचा, हे बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं. काकांच्या रकान्यावर सरांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं त्या रकान्यातच होती. पहिल्या पानावर काकांचं नाव होतं, तिने म्हटल्याप्रमाणे. शेवटी सर म्हणाले, “माणूस गेला, पण तारीख गेली नाही. हे कसं जमवलंत ते वर्गाला सांगा.” ती उभी होती. समोर चाळीस चेहरे होते. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टायवाला पुढे होऊन म्हणाला, “सर, हिने सुरुवातीपासून चार दिवस बाजूला काढून ठेवले होते. आम्हालाही कळू दिलं नाही.” सरांनी किल्लीने टेबलावर टकटक केलं. “ऐकलंत? याला नियोजन म्हणतात.” कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. बारकी खाली मान घालून वायर गुंडाळत होती. टाळ्या जिच्यासाठी होत्या तिला बोलायचं होतं. ते चार दिवस कुणाचे होते हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, शब्द अन् शब्द. टाळ्या संपल्या. पुढचा गट आपला लॅपटॉप जोडायला येऊन उभा राहिला होता, त्यांना वाट द्यावी लागली.

निकाल तीन आठवड्यांनी फलकावर लागला. त्या तिघांपुढे वर्गातली सगळ्यांत वरची श्रेणी होती. चौथ्या नावापुढे आडवी रेघ. ती कार्यालयात गेली, तिथून सरांच्या खोलीत गेली. सर समजावून म्हणाले, “अहो, नोंदणी रद्द झाली की गुण देता येत नाहीत. नियमात बसत नाही. मलाही वाईट वाटतं.” त्यांना खरंच वाटत होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि एका मोठ्या माल वाहतूक कंपनीत नियोजनाच्या कामाला माणूस हवा आहे, तुमचं नाव सुचवू का, असं विचारलं. ती विचार करून सांगते म्हणाली. बाहेर आली तर फोन वाजत होता.

“मी बोलतेय,” वहिनी म्हणाल्या. मागे क्लिनिकमधली कुजबुज ऐकू येत होती. “निकाल लागला का हो?”

“लागला.”

“ह्यांना किती मिळाले?”

तिच्यासमोर लांब व्हरांडा होता आणि शेवटच्या टोकाला एक बाई फरशी पुसत मागे मागे येत होती. “सगळ्यांत जास्त,” ती म्हणाली.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मुलीला सांगते. रोज विचारते ती. तसा कागद देतात का हो विद्यापीठातून? म्हणजे भिंतीवर नको, पण तिच्याजवळ राहील.”

“देतात.”

“कधी मिळेल?”

“आठ दिवसांत,” ती म्हणाली. आठ कुठून आले ते तिला कळलं नाही. ते आधीच तोंडात येऊन बसले होते.

“जास्त लागले तरी चालतील,” वहिनी म्हणाल्या. “लागतील तेवढे घ्या. आम्हाला काही तारीख नाही. आणि कुणाला त्यासाठी जागायला लावू नका.”

ती घरी गेली. बाबा झोपले होते. तिने लॅपटॉप उघडला, कोरा कागद घेतला आणि वर विद्यापीठाचं नाव लिहिलं. स्वतःच्या जुन्या गुणपत्रिकेवरून चिन्ह उचललं. काकांचं पूर्ण नाव, विषय दोन, श्रेणी. खाली सरांची सही, तिने दोनदा सराव करून तिसऱ्यांदा केलेली. जाड कागदावर छापला, उजेडात धरून पाहिला. कुणालाही खरा वाटला असता. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. मग तो तिने एका पाकिटात घातला, पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं, आणि आठव्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे, नेऊन दिलं.